एकच गाडी रोडला आणि ड्रॅग स्ट्रिपला: आधी ब्रेक, मग टायर, रिम सगळ्यात शेवटी

रोडवर चालणाऱ्या आणि ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ, छोट्या अंतराच्या शर्यतीच्या पट्ट्यावर) पळणाऱ्या गाडीला ब्रेक, टायर आणि रिम निवडायचं काम लोक उलट्या क्रमाने करतात म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. आधी डोळ्यात भरलेली रिम घेतात, मग तिच्यावर बसेल तो टायर शोधतात, आणि ब्रेकचा विचार येईपर्यंत पैसे संपलेले असतात. मग एकतर १५ इंची रिम कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) घासते, नाहीतर मोठा ब्रेक किट आधीच बसवलाय म्हणून १८ इंची रिम घ्यावी लागते आणि त्या साइजला स्ट्रिपवर हवा तसा उंच साइडवॉलचा टायर मिळत नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी हेच केलं होतं. चारही रिम आल्या, टायर चढवून बॅलन्स पण करून झाले, आणि पुढचं चाक हबवर लावायला गेलो तर कॅलिपरच्या पाठीवर अडलं. टायर चढवलेली रिम कोण परत घेणार.

क्रम असा धरा. ब्रेक ठरवतात की रिम कमीत कमी किती इंची लागेल, टायर ठरवतो रिमची रुंदी, आणि गाडीची बॉडी ठरवते ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती आत-बाहेर आहे ते). हे तिन्ही आकडे हातात आले की रिम जवळजवळ आपोआप ठरते, मग त्यातल्या त्यात आवडेल ती डिझाइन घ्या.

१. खरेदीआधी गाडीची माहिती कागदावर

गाडीचं वजन ड्रायव्हर आणि पेट्रोलसकट वजनकाट्यावर घ्या, ब्रोशरमधला आकडा धरू नका, कारण म्युझिक सिस्टीम, रोल बार, मोठी रिम असं करत करत ते कधीच बदललेलं असतं. जमलं तर पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्या. मग स्ट्रिपच्या टोकाला गाडीचा वेग किती असतो ते टाइम स्लिपवरून (रननंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवरून) लिहा, आणि लाँच (सुरुवातीची उडी) कसा करता तेही लिहा: क्लच सोडून, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवर धरून, की ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्समधूनच गाडी धरून ठेवणारी यंत्रणा) लावून. पुढे ब्रेक निवडताना या शेवटच्या गोष्टीचा फार संबंध येतो.

स्ट्रिपचं नियमपुस्तक आत्ताच वाचा, तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर नाही. उदाहरण म्हणून सांगतो, अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात नटच्या षटकोनी भागात स्टडचे (हबवरच्या बोल्टचे) आटे किमान स्टडच्या व्यासाइतके बसलेले लागतात आणि १५० मैल म्हणजे साधारण २४० किमी प्रतितास गाठणाऱ्या गाडीला पॅराशूट लागतं. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण नट-स्टड आणि ब्रेक बहुतेक ठिकाणी बघतातच.

फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्यांनी इथे थांबून विचार करा. चिकट रुंद टायर तुम्हाला पुढे हवा आणि गाडीचे मोठे कॅलिपर पण पुढेच, म्हणजे छोट्या रिमची अडचण नेमकी नको तिथेच येते. रिअर व्हील ड्राइव्हला मागचा कॅलिपर किंवा ड्रम सहसा छोटा असतो, तिथे १५ इंची बसवणं बरंच सोपं जातं. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायरचा बाहेरचा व्यास सारखाच ठेवायचा, नाहीतर मधला डिफरन्शियल सरळ रस्त्यावर पण सतत काम करत राहतो आणि गरम होऊन खराब होतो.

२. ब्रेक ठरवा, आणि रोडचा विचार आधी करा

१५०० किलोची गाडी १०० किमी वेगात असते तेव्हा तिच्यात साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. २०० ला ती दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे २३०० च्या आसपास. ही सगळी ब्रेकला उष्णता म्हणून खायची असते. त्यातली ७० टक्के पुढच्या ब्रेकवर येते असं धरा. पुढच्या दोन डिस्क मिळून १६ किलोच्या असतील तर २०० वरून एका थांब्यात त्यांचं तापमान साधारण २२० अंशांनी वाढतं, हवेचा अडथळा थोडं काम करतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच. चांगल्या स्थितीतल्या कंपनीच्या डिस्कला हे झेपतं. आता त्या जागी हलक्या, भोकं पाडलेल्या ड्रॅग डिस्क लावा, दोन्ही मिळून ६ किलो. तोच थांबा, तीच गाडी, पण तापमान जवळपास ५९० अंशांनी वाढणार. स्ट्रिपवर तेवढ्यापुरतं चालून जातं कारण एकदाच थांबायचंय, नंतर परतीच्या लेनमध्ये हळू येताना त्या थंड होतात. पण लांब उताराचा रस्ता किंवा ट्रॅफिकमध्ये दर दोन मिनिटांनी ब्रेक, तिथे त्या डिस्क उष्णता साठवूच शकत नाहीत.

म्हणून रोडवर चालणाऱ्या गाडीला ‘फक्त ड्रॅगसाठी’ लिहिलेला ब्रेक किट लावू नका. दोन-चार किलो वाचतात हे खरं आहे, पण रोडवर तो किट धोकादायक आहे आणि माझ्या मते यात दुसरं मत असूच शकत नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे सर्किटवाला भलामोठा किट. ड्रॅगमध्ये एक थांबा असतो, वीस लॅप नसतात. ३५५ मिमीची डिस्क आणि सहा पिस्टनचा कॅलिपर लावून १५ इंची रिमचा रस्ता कायमचा बंद होतो, वजन वाढतं, आणि पहिल्या थांब्यात मिळत काही नाही, कारण पहिल्या थांब्याला टायरची पकड संपते, ब्रेकची ताकद नाही. बहुतेक गाड्यांना कंपनीचाच ब्रेक, नवीन डिस्क, चांगले पॅड, ताजं ऑइल आणि गरज वाटलीच तर स्टीलच्या जाळीचे होज, एवढं पुरतं. गाडीचा वेग किंवा वजन खरंच वाढलं असेल तर एक साइज वर जा, पण ती १५ किंवा १६ इंची रिममध्ये मावते का हे बघूनच.

पॅडमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘रेस पॅड’ म्हणजे जास्त चांगला असं समजून लोक तो घेतात. तो पॅड तापल्यावर पकडतो. स्ट्रिपच्या टोकाला तुम्ही ब्रेक मारता तेव्हा तो थंडच असतो, रांगेत अर्धा तास उभे होतात तुम्ही. आणि रोडवर सकाळी पहिल्या सिग्नललाही थंडच. आपल्याला थंड असताना चावणारा पॅड हवा, म्हणजे चांगला परफॉर्मन्स स्ट्रीट पॅड.

हँडब्रेक विसरू नका. मागचे बरेच आफ्टरमार्केट ड्रॅग कॅलिपर हँडब्रेकशिवाय येतात, लोक बसवून टाकतात आणि मग गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून दगड लावत बसतात, शिवाय कायद्यानेही रोडच्या गाडीला हँडब्रेक लागतो. मागे ड्रम असतील आणि नीट चालत असतील तर ते काढायची घाई नको. ड्रमचा शू स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे लाइनवर गाडी धरून ठेवायला तो छोट्या पिस्टनच्या डिस्कपेक्षा बऱ्याचदा जास्त कामाचा ठरतो.

ब्रेक ऑइल: डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, पण हवेतलं पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून महाग ऑइल घेऊन तीन वर्षं तसंच ठेवण्यापेक्षा साधं डॉट ४ दरवर्षी बदला. सिलिकॉनवालं डॉट ५ यातल्या कशातही मिसळायचं नाही. नावात ५.१ असलेलं ऑइल वेगळं, ते डॉट ४ च्या जातीचं आहे.

सावध: वजन कमी करायला पुढचे ब्रेक काढून टाकणारे लोक मी बघितलेत. रोडवर येणाऱ्या गाडीत हा विषयच नको.

३. पेडल, बूस्टर, लाइनलॉक

मोठा कॅम (इंजिनचे वाल्व उघडणारा शाफ्ट) टाकला असेल तर आयडलला इंजिनचा व्हॅक्यूम पडतो आणि बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) तोच लागतो. गेज लावून बघा. पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास असेल तर निवांत राहा, बराच खाली असेल तर दोन वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगड होणार आणि ते नेमकं पार्किंगमध्ये किंवा स्टेजिंगला (स्टार्ट लाइनवर गाडी लावताना) होणार. उपाय तीन: इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप, पॉवर स्टिअरिंगच्या दाबावर चालणारा बूस्टर, किंवा बूस्टर काढून मॅन्युअल ब्रेक. मॅन्युअल करायचा असेल तर नुसता बूस्टर काढून चालत नाही, पेडलचं गुणोत्तर साधारण ६ ला १ लागतं (बूस्टरवाल्या पेडलचं ४ च्या आसपास असतं) आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागाचा) बोअर छोटा लागतो. १ इंचीवरून ७/८ इंचीवर गेलात तर पायाच्या त्याच जोराला दाब ३० टक्के जास्त मिळतो, बदल्यात पेडल तेवढंच जास्त खाली जातं. मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक ही समजूत पूर्ण उलटी आहे.

लाइनलॉक पुढच्या ब्रेकमधला दाब धरून ठेवतो, मागची चाकं मोकळी राहतात, त्यामुळे बर्नआउटला (टायर तापवायला जागेवर चाकं फिरवताना) मागचे पॅड किंवा शू जळत नाहीत. रिअर व्हील ड्राइव्हला हा पैसा वसूल आहे. पण तो हँडब्रेक म्हणून वापरायचा नाही, कॉइल गरम होतो, दाब सुटतो आणि गाडी घरंगळते. एबीएसवाल्या गाडीत ही लाइन स्वतः कापत बसू नका, ते काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

तपासा: इंजिन चालू, पेडल जोरात दाबून ३० सेकंद धरा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर किंवा कुठेतरी गळती आहे, इथून पुढे जायचं नाही.

४. टायर

ब्रेक ठरले, आता टायर. इथे तुम्हाला रोडसाठी आणि स्ट्रिपसाठी एकच सेट हवाय की दोन, हे प्रामाणिकपणे ठरवा. मी दोन सेटच्या बाजूचा आहे. ड्रॅग रेडियल (स्ट्रिपसाठी बनवलेले चिकट टायर) रोडवर चालतात, पण रबर मऊ, झिजतात भराभर, आणि पाण्यात त्यांच्या उथळ खाचा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. पावसात ड्रॅग रेडियलवर हायवेला जाणं म्हणजे काय ते एकदा अनुभवलंय, परत नको. स्लिक (खाचाच नसलेले टायर) तर रोडसाठी नसतातच.

व्यासाचं गणित करा. २३५/६०आर१५ टायर साधारण ६६३ मिमी उंच असतो आणि २७५/६०आर१५ साधारण ७११ मिमी. फरक छोटा वाटतो पण फायनल ड्राइव्ह ४.१० असेल आणि टॉप गिअर १ ला १, तर १६० किमी वेगाला पहिल्या टायरवर इंजिन सुमारे ५२५० आरपीएमला फिरतं आणि दुसऱ्यावर ४९०० ला. म्हणजे मोठा टायर लावला की गिअरिंग लांब होतं, लाँच जड होतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो. सूत्र सोपं आहे: वेग किमीमध्ये, गुणिले एकूण गिअर गुणोत्तर, गुणिले ५.३, भागिले टायरचा व्यास मीटरमध्ये. स्ट्रिपच्या टोकाला इंजिन रेडलाइनच्या किंचित खाली यावं असा व्यास निवडा. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर पुढच्या-मागच्या व्यासातला फरक कंपनीच्या फरकापासून फार दूर नेऊ नका, कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय.

पुढचे बारीक टायर, म्हणजे स्किनी. वजन कमी होतं, रोलिंगचा अडथळा कमी होतो, दिसायला भारी. पण वर बघितलं तसं ७० टक्के ब्रेकिंग पुढे आहे, आणि तुम्ही तिथलाच रबर निम्मा करताय. ब्रेक कितीही चांगला असू दे, चाक लॉक झालं की संपलं. स्ट्रिपवर थांबायला लांब जागा असते, रोडवर समोर रिक्षा असते. स्किनी फक्त स्ट्रिपच्या सेटला ठेवा, आणि ते लावल्यावर प्रपोर्शनिंग वाल्व (मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) परत सेट करा, कारण रुंद मागच्या टायरवरचा बॅलन्स आता वेगळा झालाय.

सावध: पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेला) स्लिक असं मिश्रण टाळा. दोघांचा साइडवॉल वेगवेगळा झुकतो आणि टोकाच्या वेगात गाडी मागून हलायला लागते.

५. रिमचं माप

आता रिम. आणि आता सुद्धा आधी मोजायचं, नंतर बघायचं.

बोल्ट पॅटर्न: चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोघांच्या केंद्रातलं अंतर. पाच असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रातलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. ६७.२ मिमी आलं तर ११४.३, ५८.८ आलं तर १००. सगळ्यात फसवी जोडी म्हणजे १२० आणि १२०.६५. रिम बसल्यासारखी वाटते, नट पण फिरतात, पण स्टड तिरके ओढले जातात आणि एक दिवस तुटतात. अर्धा मिमी काय होतंय असं म्हणू नका.

मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची रिंग लावा. छोटं असेल तर ती रिम तुमची नाही.

ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग यात लोक कायम अडकतात. रिमवर लिहिलेली रुंदी ही टायर बसतो तिथली आतली रुंदी असते, बाहेरून बाहेर ती साधारण १ इंच जास्त भरते. ८ इंची रिम बाहेरून ९ इंच, म्हणजे २२८.६ मिमी, निम्मे ११४.३. ऑफसेट +३५ असेल तर बॅकस्पेसिंग ११४.३ अधिक ३५, म्हणजे १४९.३ मिमी. हा आकडा सांगतो की हबच्या पृष्ठभागापासून रिम आत किती जाणार. मागे रुंद टायर बसवताना बहुतेक वेळा आत जागा हवी असते, मडगार्डकडे नाही, त्यामुळे हाच आकडा आधी काढायचा.

टायरची खरी रुंदी रिमप्रमाणे बदलते, रिम अर्धा इंच रुंद झाली की साधारण ५ मिमी. स्प्रिंग काढून किंवा जॅकने सस्पेन्शन पूर्ण वर ढकलून मोजा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून मोजा. बाजूला १०-१२ मिमी तरी मोकळे ठेवा आणि वर २५, कारण स्लिक वेगात फुगतो.

कॅलिपरसाठी नुसता ‘१५ इंच बसते’ यावर जाऊ नका. एकाच साइजच्या दोन रिमचा आतला आकार वेगळा असतो. ब्रेक किट बनवणारे बहुतेक कागदी नकाशा देतात, तो खऱ्या मापात प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि रिमच्या आत फिरवून बघा. दोन ठिकाणी बघायचं: कॅलिपरची पाठ ते रिमची आतली भिंत, आणि कॅलिपरचा बाहेरचा चेहरा ते स्पोक. ३ मिमी तरी हवेत. आणि बॅलन्सची चिकटवायची वजनं बरोबर कॅलिपरच्या वर येणार नाहीत हे टायरवाल्याला सांगा, ३ मिमी तिथेच संपतात.

वजनाबद्दल एक. ‘चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले आठ किलो’ हे तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं आहे. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवरचा एक किलो पिकअपसाठी दोन किलोसारखा वागतो, रिमवरचा त्याहून कमी. हलकी रिम घ्याच, पण लोड रेटिंग गाडीच्या वजनाला पुरतं का हे बघून. काही बारीक ड्रॅग रिम खड्ड्यांसाठी बनवलेल्याच नसतात.

६. नट आणि स्टड

नटची बसायची जागा तीन प्रकारची असते: शंकूसारखी, गोल, आणि वॉशरवाली सरळ नळीची. कंपनीच्या रिमचे नट नवीन रिमला लावणं ही नेहमीची चूक आहे, नट घट्ट वाटतो पण टेकलेला असतो नुसता कडेवर. दोन सेट असतील तर नटचे पण दोन वेगळे डबे, नावं लिहून.

नवीन रिमचा हबला टेकणारा भाग जाड असला की स्टड कमी पडतो. नट हाताने पूर्ण किती फेरे फिरतो ते मोजा. १२ मिमी स्टड, आट्यांचं अंतर १.५ असेल तर ८ फेरे म्हणजे १२ मिमी पकड. त्याच्या खाली असेल तर लांब स्टड टाका. स्पेसर घालून ऑफसेट जुळवणारे स्टडची लांबी खातात, म्हणून स्पेसर मला आवडत नाही, ऑफसेटच बरोबर घ्या.

आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. टॉर्क पाना तेवढाच आकडा दाखवतो पण स्टड खूप जास्त ताणला जातो.

७. बसवणं आणि पॅड बेडिंग

नवीन डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, हबवरचा गंज वायर ब्रशने काढा. तो गंज राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी निघाली. ब्रेक लाइनमधली एअर काढायची ती तुमच्या गाडीच्या मॅन्युअलच्या क्रमाने. चाक लावा, नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने दोन टप्प्यांत, गाडी जमिनीवर टेकल्यावर शेवटचा टॉर्क, आणि ७०-८० किमी चालवल्यावर परत एकदा.

मग पॅड बेडिंग, म्हणजे नवीन पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवणं. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा कमी करा, मग ९० वरून तसंच जरा जास्त जोराने. पूर्ण थांबायचं नाही, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की तिथे डाग बसतो. नंतर दहा मिनिटं ब्रेक न मारता चालवत थंड करा. हे न करता थेट स्ट्रिपवर जाणाऱ्यांची पहिली तक्रार ‘ब्रेकच लागत नाही’ हीच असते.

तपासा: ओसाड सपाट जागेत, कमी वेगात, जोरात ब्रेक. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत (एबीएस असेल तर आधी पुढे काम करायला हवं). मागची आधी लॉक होत असतील तर वाल्व मागचा दाब कमी करेपर्यंत गाडी रोडवर नेऊ नका.

८. स्ट्रिपचा दिवस

टायरमधली हवा स्ट्रिपवर पोचल्यावर कमी करा, घरून नाही. ड्रॅग रेडियल बहुतेक गाड्यांवर १५ ते २० पीएसआयमध्ये चालतात, पण सुरुवात टायर कंपनीच्या आकड्यापासून करा आणि दर रनला अर्धा-एक पीएसआयच बदला. फार खाली गेलात तर टायरचा मधला भाग उचलला जातो आणि पकड उलट कमी होते.

पहिल्या रनआधी टायर आणि रिम दोन्हीवर मिळून एक सरळ रेघ मारा, पांढऱ्या मार्करने. रनमध्ये पेडल, ब्रेकचा वास, सगळ्याकडे लक्ष ठेवा आणि पहिला रन टोकाच्या थोडं आधी सोडून ब्रेक बघा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर फिरलाय. हवा एक-दोन पीएसआय वाढवा, तरी फिरत असेल तर स्क्रू किंवा बीडलॉकचा (टायरची कड रिमला पक्की धरणाऱ्या कड्याचा) विचार करा, पण बीडलॉक तुमच्याकडे रोडवर चालतो का ते आधी विचारून. घरी निघताना रोडचा सेट चढवा, किंवा एकच सेट असेल तर हवा परत पूर्ण भरा आणि नट टॉर्कला बघा. रेघ सरकलेली असेल तर बॅलन्स पण गेलेला आहे. १०० च्या पुढे स्टिअरिंग किंवा सीट थरथरेल, तेव्हा घरी हळू या आणि दुसऱ्या दिवशी ते चाक आधी टायरवाल्याकडे न्या.